पायऱ्यांवरचा पंचवीस अंकी आकडा : प्रकल्प नोंदी

१४ नोव्हेंबर

सरांचा फोन आला शाळेतून. २२ डिसेंबरला गणित दिवस, दरवर्षी तेच चार्ट पेपर, तेच रामानुजनचं चित्र, तेच १७२९, यंदा असं काहीतरी करूया जे दुसऱ्या दिवशी काढून कपाटात कोंबावं लागणार नाही. मी म्हटलं सर, पायऱ्या रंगवूया. गेटपासून वरच्या इमारतीपर्यंत चिऱ्याच्या पायऱ्या आहेत, वरून सिमेंटचा गिलावा, आम्ही शिकत होतो तेव्हापासून तशाच, पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि कोणी ना कोणी आपटतंच. पायऱ्या सव्वीस.

सव्वीस म्हटल्यावर डोक्यात लगेच हा आला:

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

पंचवीस अंकी आहे. डावीकडून एकेक अंक वाचत जायचं. पहिला ३, त्याला १ ने भाग जातोच. पहिले दोन ३६, त्याला २ ने. पहिले तीन ३६०, त्याला ३ ने. ३६०८ ला ४ ने, येतात ९०२. ३६०८५ ला ५ ने, ७२१७. ३६०८५२ ला ६ ने, ६०१४२. ३६०८५२८ ला ७ ने, ५१५५०४. असंच पुढे पुढे, पहिल्या चोवीस अंकांना २४ ने आणि अख्ख्या आकड्याला २५ ने. आणि दहाच्या पद्धतीत असं वागणारा ह्याच्याहून मोठा आकडा नाहीच, पंचवीस अंकी पण हा एकटाच.

म्हणजे पायरी क्रमांक जेवढा, तेवढ्याने तिथपर्यंतच्या आकड्याला भाग. पायऱ्यांसाठीच जन्मलाय असं वाटावं. सर म्हणाले ठीक आहे पण सव्वीसाव्या पायरीवर काय लिहिणार? म्हटलं ते मुलांना शोधू दे.

१६ नोव्हेंबर

पायऱ्या घासल्या. तारेचे ब्रश, नारळाच्या काथ्याचा बोळा आणि पाणी, नववीची पोरं आणि मी. खालच्या सातआठ पायऱ्यांवर झाडाची सावली असल्यामुळे शेवाळ अजून ओलं आहे, पाऊस जाऊन एवढे दिवस झाले तरी. तिथला गिलावा पण सुटलाय, गवंडी बोलवावा लागेल.

घासता घासता पोरांशी गप्पा. सोपे नियम त्यांना येतात: २ साठी शेवट सम, ५ साठी शेवट ० किंवा ५, १० साठी ०, ३ आणि ९ साठी अंकांची बेरीज, ४ साठी शेवटचे दोन, ८ साठी शेवटचे तीन. एवढ्यावर आकड्याचा सांगाडा दिसायला लागतो. प्रत्येक सम पायरीवरचा अंक समच हवा, म्हणजे दुसरी, चौथी, सहावी वगैरे: ६, ८, २, ८, ०, ६, ४, ०, ८, ०, ६, २. बघा, सगळे सम. पाचव्या आणि पंधराव्या पायरीवर ० किंवा ५. दहावी आणि विसावी, तिथे शून्यच, दुसरं काही चालतच नाही. हे आधीच ठरलेलं. खरी भानगड ७, ११, १३, १७, १९, २३ ह्या पायऱ्यांची.

एका पोराने विचारलं, दादा हे कोणी बनवलं? म्हटलं बनवलं नाही, उरलं. ते त्याला काही पटलं नाही. प्रोग्राम दाखवायला हवा.

२० नोव्हेंबर

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आकडा एक्सेलमध्ये टाकून बघितला, नुसतं दिसायला कसा दिसतो म्हणून. एक्सेल पंधरा अंकच नीट धरतं, पुढे सगळी शून्यं. गंमत म्हणजे ह्या आकड्यात सोळावा अंक मुळात शून्यच आहे त्यामुळे तो वाचला, सतराव्यातल्या ७ चा मात्र बळी गेला. ज्याला सेलमधून कॉपी करून पेंटरला द्यायचा असेल त्याने हे लक्षात ठेवा, सेल आधी टेक्स्ट करा.

प्रोग्राम सी भाषेत लिहायला गेलं तर चौसष्ट बिटांत जास्तीत जास्त १८४४६७४४०७३७०९५५१६१५ मावतो. म्हणजे आपला आकडा एकोणिसाव्या पायरीपर्यंत डब्यात बसतो आणि विसाव्या पायरीला बाहेर सांडतो. पायथॉनला ही कटकट नाही, त्यात लिहिला. दहाबारा ओळींचं काम आहे: एक अंकी नऊ आकडे घ्या, प्रत्येकाच्या मागे ० ते ९ लावून बघा, दोनाने भाग जातो ते ठेवा, मग त्यांच्या मागे परत ० ते ९, तिनाने भाग जातो ते ठेवा. डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो.

आउटपुट, दर पायरीला किती आकडे जिवंत:

९, ४५, १५०, ३७५, ७५०, १२००, १७१३, २२२७, २४९२, २४९२, २२२५, २०४१, १५७५, ११३२, ७७०, ५७१, ३३५, १८०, ९०, ४४, १८, १२, ६, ३, १.

आणि मग शून्य. सगळे मिळून २०४५६.

ह्या रांगेकडे मी बराच वेळ बघत बसलो, आकड्यापेक्षा मला हीच जास्त आवडली. नवव्या आणि दहाव्या पायरीला नेमके तेवढेच, २४९२, कारण दहाव्या पायरीला फक्त शून्य लावता येतं आणि ते प्रत्येकालाच लावता येतं, कोणी वाढत नाही कोणी मरत नाही. त्याच्या आधी कळप वाढतोय आणि नंतर आटतोय. का, ते पण सरळ आहे. न व्या पायरीवर दहा अंक ट्राय करता येतात आणि साधारण दर न मागे एक चालतो, म्हणजे सरासरी दहा भागिले न पिल्लं. न दहापेक्षा लहान तोवर एकापेक्षा जास्त, दहानंतर एकापेक्षा कमी. खरं तर दहानंतर प्रत्येक आकड्याला एक तरी पिल्लू नाहीतर एकही नाही, दोन कधीच नाहीत, कारण लागोपाठच्या दहा आकड्यांत अकराचे किंवा त्याहून मोठ्याचे दोन पट बसतच नाहीत.

हिशोब करून बघितला. नऊ गुणिले दहाचा (न वजा १) वा घात, भागिले न फॅक्टोरियल (१ पासून न पर्यंतच्या आकड्यांचा गुणाकार). दहाव्या पायरीला येतात २४८०, खरे २४९२. एवढं जवळ! पंचविसाव्या पायरीला येतात ०.५८. म्हणजे अंदाज म्हणतोय अर्ध्याहून थोडा जास्त आकडा असावा, आणि आहे एक. सगळ्या पायऱ्यांची बेरीज धरली तर ई चा (२.७१८ वाला गणितातला स्थिरांक) दहावा घात येतो, २२०२६.४७, त्यातून एक वजा करून ०.९ ने गुणायचं, १९८२३ च्या आसपास. खरे २०४५६. ज्या गोष्टीत ई चा काही संबंध नाही असं वाटतं तिथे तो मागच्या दाराने येऊन बसतो.

सरांना व्हॉट्सॅपवर पाठवलं. त्यांचं उत्तर: "हे नववीला कसं सांगणार?" बरोबर आहे. पिल्लांपर्यंत सांगेन, ई राहू दे.

२३ नोव्हेंबर

गणित मंडळाचा तास. पंचवीस अंकी एकदम नको म्हणून धाकटं भावंड दिलं: १ ते ९ अंक प्रत्येकी एकदाच वापरून नऊ अंकी आकडा बनवा जो हाच नियम पाळतो. उत्तर एकच आहे पण सांगितलं नाही.

फळ्यावर जे झालं ते नीट लिहून ठेवतो, पुढच्या वर्षी लागेल.

पाचवा अंक ५. सम जागी सम, म्हणून विषम जागी १, ३, ७, ९. आता चौथ्या पायरीला शेवटच्या दोघांना ४ ने भाग हवा, तिसरा विषम आहे म्हणून चौथा २ किंवा ६. पहिल्या तिघांची बेरीज ३ च्या पाढ्यात आणि पहिल्या सहांचीही, म्हणून मधल्या तिघांचीही. त्यातून मधले तीन एक तर २५८ नाहीतर ६५४. इथे एका मुलीने ओरडूनच सांगितलं की बाकी काही होत नाही, आणि ते तिने बोटं मोजून काढलं होतं. आठव्या पायरीला सातवा आठवा मिळून ८ च्या पाढ्यात: १६, ३२, ७२, ९६. मधले २५८ असतील तर १६ किंवा ९६, ६५४ असतील तर ३२ किंवा ७२. उरलेला सम अंक दुसऱ्या जागी. मग पहिल्या तिघांची बेरीज लावली की उमेदवार उरतात फक्त दहा.

दहा म्हणजे दहा मुलांना एकेक वाटला, ७ ने भागा म्हणून. ९८७६५४३२१ ज्याला मिळाला तो खूश, आपलाच येणार म्हणून, कारण तो बाकी सगळ्या पायऱ्या चढतो, आठवीला तर ९८७६५४३२ भागिले ८ बरोबर १२३४५६७९ असं देखणं उत्तर येतं, पण सातवीला बाकी ५ उरते आणि पडतो. १४७२५८९६३ वाला म्हणाला दादा हे तर मोबाईलचं कीपॅड, पहिला कॉलम, दुसरा कॉलम आणि तिसरा खालून वर. खरंच की! माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तो पण सातला पडला, बाकी ६.

उरला ३८१६५४७२९. पहिले सात ३८१६५४७, भागिले ७, ५४५२२१. शेवटी शून्य लावलं तर दहावी पायरी पण चढतो. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना, पुढच्या तासाच्या टीचर दारात उभ्या.

२९ नोव्हेंबर

स्टेन्सिल. ड्रॉइंगच्या टीचरनी जुन्या एक्स-रे फिल्म जमवल्यात, त्या कापायला मस्त, रंग पुसला जातो आणि परत परत वापरता येतात. कुणाच्या तरी गुडघ्याच्या फिल्ममधून पाच कापला.

किती स्टेन्सिल लागतील म्हणून मोजलं: ० पाच वेळा, ८ पाच वेळा, ६ चार वेळा, ३ आणि ५ तीन तीन वेळा, २ आणि ७ दोन दोन वेळा, ४ एकदा. झाले पंचवीस. १ आणि ९ ह्या आकड्यात नाहीतच! म्हणजे आठ स्टेन्सिल. टीचर म्हणाल्या आठ पण नको, सातच पुरे, ३ चा उलटा केला की ६ होतो देवनागरीत, थोडी शेपटी वरखाली केली की झालं. आम्ही देवनागरी अंकच घेतलेत, ह्यावर शाळेत थोडी चर्चा झाली, पोरांना पुस्तकात इंग्रजी अंक असतात वगैरे, पण पायऱ्यांवर देवनागरी छान दिसतात आणि तोच विषय संपला.

शून्याच्या आतला गोळा गळून पडू नये म्हणून दोन पट्ट्या ठेवाव्या लागतात, त्या नंतर ब्रशने भरायच्या.

३ डिसेंबर

जुन्या गोव्याच्या फेस्ताची सुट्टी, शाळा बंद, काम जोरात. गवंडी येऊन गेला, खालच्या पायऱ्या पक्क्या झाल्या. पायरीच्या उभ्या भागाला पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग पांढरा एक्स्टिरियर इमल्शन. अंक उभ्या भागावर, डाव्या कोपऱ्यात लहान अक्षरात पायरी क्रमांक. खालून चढताना एकेक वाचत जायचं.

पहिले सहा अंक मारून झाले तेवढ्यात रस्त्यावरून जाणारे एक काका थांबले. बराच वेळ बघून म्हणाले, "हो नंबर कोणाचो रे?" म्हटलं काका फोन नंबर नाही. मग जवळ येऊन हळू आवाजात, "मटक्याचो?" पेंटरमामा हसून हसून शिडीवर बसले. काकांना सगळं समजावलं, त्यांनी तिथल्या तिथे ३६०८ ला चारने भागून बघितलं, तोंडी, ९०२, आणि मान हलवून गेले. जुन्या लोकांचे पाढे म्हणजे काय बोलायचं.

दुपारी बॅनरचा विषय. पालकांपैकी एकांना वर मोठ्या अक्षरात "चमत्कारी संख्या" असं लिहायचंय, फ्लेक्स ते स्वतःच्या खर्चाने देतील. मी नाही म्हटलं. चमत्कार म्हटला की पोरं हात जोडून मोकळी होतात, कोणी भागून बघत नाही. शिवाय खरं पण नाही. वीस हजारांचा कळप निघाला होता त्यातला एक शेवटपर्यंत टिकला, अंदाज पण ०.५८ सांगत होता. ह्यात देवाचा हात शोधायचा तर मग सव्वीसाव्या पायरीला हात का आखडता घेतला ते पण सांगावं लागेल. सर माझ्या बाजूने, त्यामुळे फ्लेक्स रद्द, ते पालक थोडे नाराज. असो.

७ डिसेंबर

कापरेकरांबद्दल पोरांना सांगितलं आज. देवळालीच्या शाळेतले मास्तर, १९०५ ते १९८६, ६१७४ ह्या कापरेकर स्थिरांकावाले. कसलं कॉम्प्युटर नाही, वही आणि पेन्सिल, आणि आकड्यांशी खेळायची खोड. हर्षद संख्या पण त्यांच्याच, म्हणजे ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती. आपल्या नवव्या पायरीवरचा ३६०८५२८८५ हर्षद आहे, बेरीज ४५ आणि ४५ ने भाग जातो. अख्खा पंचवीस अंकी मात्र नाही, त्याची बेरीज ११० आणि तो संपतो ५ वर.

मुख्य काम होतं ११ ते २५ पायऱ्या पोरांकडून तपासून घ्यायचं. कॅल्क्युलेटर बंद, आणि तसाही मोबाईलचा बारा पंधरा अंकांनंतर हात टेकतो. बाकी पुढे नेत जायची पद्धत: हातातल्या बाकीच्या मागे पुढचा अंक लावायचा, भागायचं, नवी बाकी. मोठा आकडा डोक्यात ठेवावाच लागत नाही, फक्त बाकी.

सतराव्या पायरीचं फळ्यावर केलं. ३६ मधून ३४ गेले, २ उरले. पुढचा अंक ०, झाले २०, उरले ३. पुढचा ८, झाले ३८, उरले ४. मग ४५, उरले ११. मग ११२, उरले १०. मग १०८, उरले ६. मग ६८, उरलं शून्य, इथे पोरांनी टाळ्या वाजवल्या पण पायरी अजून आठवीच. मग ५, मग ५० चे १६, मग १६३ चे १०, १०६ चे ४, ४८ चे १४, १४४ चे ८, ८० चे १२, १२० चं १. सोळा अंक संपले, बाकी १. आता सतरावा अंक ७, झाले १७. संपलं. तिथे ७ सोडून दुसरा कुठलाच अंक चालला नसता.

हे बघितल्यावर त्या परवाच्या पोराला "उरलं" म्हणजे काय ते समजलं बहुतेक. एकोणिसाव्याला बाकी ७ येते, म्हणजे ७० ते ७९ मध्ये १९ चा पट हवा, आहे, ७६, म्हणून अंक ६. तेविसाव्याला बाकी २०, म्हणजे २०० ते २०९ मध्ये २३ चा पट हवा, २०७, म्हणून ७. दर वेळी दहा आकड्यांची एक खिडकी, त्यात एक पट सापडला तर पुढे जा.

अकराचं तर अजून सोपं निघालं आणि ते आठवीतल्या मुलीने स्वतः पकडलं: अकराला जी बाकी तोच अंक. दहा अंकांनंतर बाकी ३, अकरावा अंक ३. फक्त बाकी दहा आली तर अडकलात.

१३ डिसेंबर

अठराव्या पायरीपर्यंत रंग झाला. अठरावी पायरी म्हणजे परार्ध, भास्कराचार्यांच्या यादीत एक दश शत पासून अठरा स्थानं आहेत आणि परार्ध हे शेवटचं, दहाचा सतरावा घात. त्याच्या वर आपल्या आकड्याच्या अजून सात पायऱ्या, त्यांना त्या यादीत नाव नाही. संस्कृतच्या टीचरना हे भलतंच आवडलं, त्यांनी कठड्यावर अठराही नावं लिहून द्यायचं कबूल केलंय, प्रत्येक पायरीसमोर एक.

निळा रंग कमी पडला. म्हापशाहून आणायला लागेल, डिचोलीत तीच शेड मिळाली नाही.

१९ डिसेंबर

मुक्तिदिन. सकाळी झेंडावंदन, मग चहा भजी, मग शेवटच्या सात पायऱ्या. दुपारी तीनला पंचविसावा ५ मारला.

आणि आता सव्वीसावी. पांढरी, कोरी. पोरं तिच्यावर बसूनच वाद घालत होती. मी आधी चोवीसावीचं सांगितलं: तिथे तीन आकडे जिवंत होते, एक १४४४ ने सुरू होणारा, एक हा आपला आणि एक ४०२८ ने सुरू होणारा. पंचवीसने भाग जायचा तर शेवटचे दोन अंक ००, २५, ५० किंवा ७५ पाहिजेत. चोवीसावा अंक सम असतोच, म्हणजे तो ० किंवा २ हवा. बाकीच्या दोघांच्या शेवटी आहे १६. झालं, ते तिथेच बाद, ६ च्या पुढे काय पण लावा. आपल्याच्या शेवटी ७२, म्हणून २ च्या पुढे ५ लागला आणि हा चढला. एका अंकाची करामत.

सव्वीसचं मग त्यांनीच काढलं. पंचवीस अंकांना २६ ने भागत नेलं, दोन गट वेगवेगळे बसले म्हणजे पडताळा होईल, दोघांची बाकी ९ आली. तर खिडकी ९० ते ९९. २६ चा पाढा: ७८, १०४. खिडकीत काहीच नाही. संपलं सगळं!

पण एवढ्यावर थांबतील तर ती पोरं कसली. एकाने विचारलं की १३ ने तरी? ९१ आहे ना खिडकीत, तेरा सत्ते. म्हणजे १३ ला पुढचा अंक १ हवाय, आणि २ ला सम अंक हवाय. दोघांचं जमत नाही म्हणून आकडा मेला. वर त्या मुलीने आठवण करून दिली की १ चं स्टेन्सिलच आपण कापलं नव्हतं.

सव्वीसाव्या पायरीवर काय लिहायचं त्यावर मतदान झालं. पर्याय होते फुली, प्रश्नचिन्ह, कोरी, आणि "९० ते ९९". चौथा जिंकला, मला पण तोच हवा होता. बाकी काही खुलासा लिहायचा नाही, ज्याला कुतूहल असेल तो खाली जाऊन सुरुवात करेल.

२२ डिसेंबर

झालं. पालक, गावातले लोक, शेजारच्या शाळेची पोरं, चांगली गर्दी. प्रत्येक पायरीवर एक विद्यार्थी उभा, हातात पाटी, येणाऱ्याला आपल्या पायरीचा भागाकार करून दाखवायचा. तेविसाव्या पायरीवरच्या पोराने मागच्या बाकी २० पासून सुरू करायची युक्ती काढली, म्हणजे त्याला नुसतं २०७ भागिले २३ करावं लागत होतं, आणि सतरावीवाला बिचारा दर वेळी पहिल्यापासून.

सगळ्यात जास्त आलेला गैरसमज: म्हणजे ह्या अख्ख्या आकड्याला १ ते २५ सगळ्यांनी भाग जातो ना? नाही हो. अख्ख्याला १ ते २५ पैकी फक्त १, ५ आणि २५ नी जातो. विषम आहे, बेरीज ११०, म्हणजे ३ ने पण नाही. ७, ११, १३, १७, १९, २३ सगळ्यांची बाकी उरते. ज्याला १ ते २५ सगळ्यांनी भाग जातो असा लहानात लहान आकडा हवा असेल तर तो २६७७११४४४००, अकराच अंकी, ती वेगळी जात. तिथे सगळे भाजक एकदम बसलेले असतात, इथे प्रत्येकाची पाळी एकदाच येते आणि मग तो विसरला जातो. हे वाक्य मी एवढ्या वेळा बोललो की घसा बसला.

मटकावाले काका पण आले होते. वर जाऊन ९० ते ९९ बघितलं, खाली आले, परत वर गेले. पाटी मागून घेतली एका पोराकडून. पुढचं बघायला मी थांबलो नाही, जेवणाची पंगत बसत होती.

२८ डिसेंबर

पाचव्या पायरीवरचा अंक चपलांनी खालून घासला गेलाय, तिथे पायरीची उंची जास्त आहे म्हणून पाय आपटतो. क्लिअर कोट मारायला हवा होता सगळ्यांवर, ते आता जानेवारीत.

सर विचारतात स्टेजमागच्या भिंतीवर पुढच्या वर्षी काय. माझ्या डोक्यात ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७ आहे, चोवीस अंकी, डावीकडून एकेक अंक खोडत गेलं तरी दर वेळी मूळ संख्याच उरते, ह्या जातीतला सगळ्यात मोठा. शेवट बघा: ७, ३७, १३७, ९१३७, सगळ्या मूळ. पण भिंतीवर लिहून पोरं करणार काय, एवढी मोठी संख्या मूळ आहे हे वहीत तपासता येत नाही, मग परत तोच चमत्कार आणि तोच फ्लेक्स.

त्यापेक्षा ७३९३९१३३ घेऊ. हा उजवीकडून खोडायचा: ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७, सगळ्या मूळ, आणि उजवीकडून खोडायच्या जातीत ह्याहून मोठा नाही. ७३९३९ चं वर्गमूळ २७२ च्या आत, म्हणजे २७१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की झालं, अठ्ठावन्न भागाकार, एका वर्गात वाटून दिले तर अर्ध्या तासाचं काम. ७३९३९१ ला ८६० च्या आतपर्यंत जावं लागेल, ते दोन वर्ग मिळून. शेवटचे दोन प्रोग्रामवर सोडू. सरांना यादी करून पाठवतो.